झाकणाखालचा कागद

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

फोन करणार होते, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं एक वाक्यसुद्धा आईच्या कानावरून गेल्याशिवाय राहत नाही. म्हणून कागद घेतला. शिवाय जे लिहिणार आहे ते मोठ्याने बोलायची मलाच लाज वाटते.

मला एका बाईचा चेहरा खराब करायचा आहे. तू तीस वर्षं त्वचेच्या डॉक्टरांकडे औषधं बनवलीस, तुला नक्की माहीत असेल. क्रीममध्ये काय मिसळलं तर तोंड भाजतं? फार नको. माझं झालंय तेवढंच.

आता नीट सांगते. जुलैमध्ये माझ्या हनुवटीवर पाच-सहा पुटकुळ्या आल्या. चोविसाव्या वर्षी! शाळेत असताना एक नाही, आणि आता घोडी झाल्यावर. तुला ठाऊकच आहे माझं काम काय ते. स्टुडिओत दिवसभर लोकांच्या फोटोतली मुरमं पुसायची. पुसून पुसून माझा हात इतका बसलाय की कुणाचाही गाल मी दहा मिनिटांत नितळ करते, आणि माझ्याच हनुवटीपुढे हात टेकले. समोरच्या पार्लरवालीने मला काचेतून पाहिलं, बोलावून घेतलं आणि एक डबी दिली. छोटी, पांढरी, वर नाव नाही, गाव नाही. झाकणाखाली बटरपेपरचा गोल कागद, नीट दाबून बसवलेला. "रोज दोनदा लाव, आठ दिवसांत मला दुवा देशील," म्हणाली.

आणि दिली गं! आठ दिवसांत चेहरा काचेसारखा. आई म्हणाली, नजर काढायला हवी. स्टुडिओचे मालक म्हणाले, आता तूच काउंटरवर बस. पाच महिने मी त्या डबीच्या जिवावर मिरवले. डिसेंबरात पार्लर आठवडाभर बंद होतं आणि माझी डबी संपली. चौथ्या दिवशी तोंडाची आग आग. सातव्या दिवशी कपाळापासून गळ्यापर्यंत लाल पुळ्या, एकसारख्या, मोहरी पेरल्यासारख्या. मी धावत तिच्याकडे गेले तर ही नाकाने कांदे सोलते, "बंद केलीस ना? मग होणारच. बंद करायचं नसतं."

पुन्हा लावलं. पुन्हा बरं वाटलं, पण पूर्वीसारखं नाही. आता गालावर बारीक लव आली आहे, कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झालीय, उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नाही. मालकांनी मला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत बसवलं. "गिऱ्हाइकं घाबरतात" असं म्हणाले नाहीत. "तुला तिथे शांतता मिळेल" म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेलीय. काट्याने काटा काढायचा आहे. सांग काय मिसळू?

तुझी,
ठमी


२० जानेवारी

ठमे,

पत्र वाचलं. आधी हसले, मग रागावले, मग पुन्हा वाचलं. दुसऱ्याचं तोंड भाजायची कृती मी तुला सांगणार नाही. माझ्याकडे विचारायची तुझी हिंमत बघून तुझा बाप आठवला. तोही लहानपणी दगड मारायच्या आधी मला विचारायला यायचा, कुठला मारू.

आता कान देऊन वाच. त्या डबीत स्टेरॉइड असणार, जोरकस. लाली आणि सूज ते दाबून टाकतं, म्हणून आठ दिवसांत जादू दिसते. मुरूम बरा होत नाही, गप्प बसतो. आत कातडी पातळ होत जाते. थांबवलं की दाबलेलं सगळं दुपटीने वर येतं आणि माणूस घाबरून पुन्हा डबीकडे धावतो. तुझं तेच झालंय. यात तुझी चूक नाही.

उद्याच्या उद्या त्वचेच्या डॉक्टरकडे जा. केमिस्टकडे नको, शेजारणीकडे नको. डबी एकदम बंद करायची की हळूहळू सोडवायची ते त्यांना ठरवू दे. सोडलीस की आधी बिघडेल, मगच सुधारेल. हे मनाशी धरून ठेव, नाहीतर तिसऱ्या दिवशी पुन्हा पार्लरच्या पायरीवर दिसशील.

तोवर तोंड दिवसातून दोनदा धुवायचं, साध्या सौम्य फेसवॉशने, कोमट पाण्याने. घासायचं नाही. मुरूम घाणीने येत नाही गं, कातडीतलं तेल बाहेर यायची वाट बुजते म्हणून येतो. खरवडून ती वाट मोकळी होत नाही, सोलवटते. लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, आईने सुचवलेलं काहीही नाही. साधं मॉइश्चरायझर आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. फोडायचं नाही. फोडलेल्याचा खड्डा राहतो. आणि डॉक्टर जे देतील त्याला आठ ते बारा आठवडे दे. आठ दिवसांत गुण देणाऱ्यावर आयुष्यात पुन्हा विश्वास ठेवू नकोस.

सूड घ्यायचाच असेल तर कायद्याने घे, तक्रार कर. त्यासाठी डबी लागेल. ती मला पाठव. मी ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून घेते.

आत्या


९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

डबी वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे, अर्धी उरलेली, झाकणासकट आणि आतल्या कागदासकट. जपून उघड.

डॉक्टरबाईंनी तुझंच भाषण शब्दाशब्दाने ऐकवलं. रात्री लावायला एक मलम दिलंय, वाटाण्याएवढंच घ्यायचं आणि सगळ्या चेहऱ्याला पुरवायचं. काही आठवड्यांच्या कॅप्सूल दिल्यात. डबी बंद. आत्या, तू "बिघडेल" लिहिलं होतंस, पण एवढं लिहिलं नव्हतंस. सहा दिवस मी उशीला गाल टेकवू शकले नाही. आई दाराबाहेरून म्हणते, "कुणाला सांगू नकोस, आपलंच हसं होईल." हसं? मी काय चोरी केली आहे?

पण पडल्या पडल्या मला एक गोष्ट सुचली आणि तेव्हापासून मी दुखणं विसरले. आमच्या स्टुडिओत पुसलेला फोटो गिऱ्हाइकाला जातो, पण मूळ फोटो आम्ही ठेवतो. मी दोन वर्षांचे चाळले. पार्लरला जाणाऱ्या अकरा बायका मला चेहऱ्याने माहीत आहेत. त्यांचे पासपोर्टचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो, सगळे आहेत. आधी साधी चार मुरमं, मग काच, मग लाल मोहरी. अकराजणींची एकच गोष्ट. ते फोटो मी दाराएवढे छापणार आणि काचेत लावणार, थेट तिच्या पार्लरकडे तोंड करून. सकाळी शटर उघडलं की तिने पहिलं तेच बघावं. गिऱ्हाइकांनी तिथल्या तिथे मागे फिरावं. तिने रडावं, आणि रडताना डोळ्यांतलं पाणी गालावर चुरचुरावं, माझ्या चुरचुरलं तसं.

तपासणीचा कागद आला की तोही मोठा करून मध्यभागी लावीन. लवकर पाठव.

ठमी


२२ फेब्रुवारी

ठमे,

त्या अकरा बायकांच्या चेहऱ्यांना हात लावू नकोस. त्यांनी ते तोंड तुमच्यासमोर धरलं ते एका कागदावर चिकटवायला, रस्त्यावर टांगायला नाही. पार्लरवालीने त्यांना न विचारता एक गोष्ट केली, तू दुसरी करशील. मग तुझ्यात आणि तिच्यात फरक काय?

डबीबद्दल वाईट बातमी आहे. पाकीट आलं तेव्हा झाकण निघालेलं होतं, सगळं सांडून वाळून गेलं होतं. तपासायला काही उरलं नव्हतं. टाकून दिली.

तुझा चेहरा मार्गावर आहे, तेच महत्त्वाचं. डॉक्टरबाईंचं औषध मध्येच सोडू नकोस. मी आयुष्यभर पाहिलंय, माणसं बरं वाटलं की थांबतात आणि मग पहिल्या पायरीवर येतात. बाकीचं सोड आता. पार्लरवालीसुद्धा कुणाकडून तरी शिकली असेल, तिला कुठे अक्कल होती? भांडून चेहरा परत मिळत नाही.

आत्या


१७ मार्च

आत्या,

टाकून दिलीस? मला न विचारता? मी झाकणावर तीन वेळा चिकटपट्टी गुंडाळली होती.

तुझं एक ऐकलं. त्या बायकांचे फोटो लावले नाहीत, माझेच लावले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लाइट तपासायला मालक माझा फोटो काढतात, म्हणून माझा चेहरा महिन्या-महिन्याने जपलेला आहे. चार निवडले. जुलै, सप्टेंबर, जानेवारी आणि मार्च. दाराएवढे छापले. एक ठिपका पुसला नाही. खाली फक्त तारखा आणि एक ओळ, "नाव नसलेली डबी लावण्यापूर्वी, लावताना आणि नंतर." मालक म्हणाले, दुकानाची काच आहे, भांडणाचा फळा नाही. तेव्हा मालकीणबाई आतून आल्या. पदर तोंडावर घट्ट धरलेला. तो काढला आणि म्हणाल्या, "लावू दे तिला." मालकांनी बायकोचा गाल उजेडात बहुतेक पहिल्यांदाच पाहिला. त्यांनीच शिडी धरली.

पहिल्या दिवशी बायका थांबल्या. दुसऱ्या दिवशी आत येऊन विचारायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पार्लरच्या बाकावर कुणी नव्हतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जेवण गोड लागलं.

चौथ्या दिवशी ती आली. रस्त्यातूनच ओरडत आली, "माझ्या पोटावर पाय देतेस? मी काय घरी विष शिजवते? डॉक्टरांच्या दवाखान्यात हेच देत होते, वर्षानुवर्षं! मी तिथे दोन वर्षं काम केलं, माझ्या बाईंनी हाताला धरून शिकवलं. काचेच्या पाटीवर घोटायचं कसं, तीन ट्यूब कुठल्या, कागद बसवायचा कसा. कागदाला एक छोटी जीभ ठेवायची, म्हणजे उचलताना नख क्रीममध्ये बुडत नाही!"

ती आणखी बरंच बोलली. मी पुढचं ऐकलंच नाही.

मी लहान असताना तू दर थंडीत ओठांचं मलम पाठवायचीस. झाकण उघडलं की आत बटरपेपर आणि त्याला एक इवलीशी जीभ. मी ती जीभ धरून कागद उचलायची आणि तो चाटायची, आणि तू पत्रात रागवायचीस. पार्लरवालीच्या डबीतल्या कागदालाही जीभ होती. पाच महिने मी ती दिवसातून दोनदा धरली आणि मला काही आठवलं नाही.

आत्या, तिची बाई तू आहेस का? एका शब्दात लिही. मुरमाची कारणं लिहू नकोस.


४ एप्रिल

ठमे,

हो.

एका शब्दात लिही म्हणालीस, लिहिलं. पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांब.

डॉक्टर ते मिश्रण देत, पण मोजक्यांना, वेगळ्या आजारांवर आणि दोन आठवड्यांच्या वर नाही. प्रत्येकाची वहीत नोंद असे. मग ते थकले, दुपारनंतर घरी जायला लागले. बायका खिडकीशी यायच्या. "बाई, ती पांढरी डबी द्या ना, चिठ्ठी नाही आणली." मी द्यायला लागले. आठ दिवसांनी त्या हसत यायच्या. माझे हात हातात घ्यायच्या. तुला कसं सांगू, डॉक्टरांना कुणी असं म्हणत नव्हतं, मला म्हणायच्या, बाईंच्या हाताला गुण आहे. मी ना कुणाची बायको, ना कुणाची आई. मला ते फार आवडलं. एवढंच खरं कारण आहे, दुसरं शोधू नकोस.

ती पोरगी हुशार होती. एकदा तिने विचारलं, "बाई, हे किती दिवस लावायचं असतं?" मी हसून म्हटलं, "संपलं की येतात परत, काळजी नको." तिने ते मनावर कोरून घेतलं. मला तेव्हाही माहीत होतं की का परत येतात. काहीजणी तोंड झाकून यायच्या. मी त्यांना आणखी एक डबी द्यायचे.

तुझं जानेवारीतलं पत्र वाचलं तेव्हाच शंका आली होती. डबी मागवली ती ओळखायला. झाकण उघडलं, कागदाची जीभ दिसली आणि कळलं. सांडलं नव्हतं काही. तुझी चिकटपट्टी चांगली होती. डबी माझ्या कपाटात आहे. टाकायला तीनदा उचलली. टाकता आली नाही आणि तपासायला देताही आली नाही.

इथे मला अजून लोक वाटेत थांबवून नमस्कार करतात. सत्तरी आली माझी. तक्रारीत माझं नाव घेऊ नकोस, ठमे. एवढं कर. तुझ्या पाया पडते म्हणून लिहिणार होते, पण नात्याने तू भाची. बाकी तू सांगशील ते करते.

आत्या


११ एप्रिल

आत्या,

मी सांगेन ते करतेस ना? मग कर.

डबी औषध निरीक्षकांच्या कार्यालयात द्यायची. मला नाही पाठवायची, पुन्हा सांडेल. सोबत तुझ्या हाताने लिहिलेला कागद. तीन ट्यूब कुठल्या, किती प्रमाणात, कुणाकुणाला शिकवलंस आणि "किती दिवस" विचारल्यावर तू काय उत्तर दिलंस ते जसंच्या तसं. खाली तुझं पूर्ण नाव. तू दिलं नाहीस तर मी देईन. माझ्याजवळ तुझी सगळी पत्रं आहेत, तारखांसकट.

मला वाटलं होतं मी ज्या बाईचं तोंड भाजायला निघाले ती समोरच्या फुटपाथवर आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तिला शिव्या देत होते तेव्हा तू मला सनस्क्रीन लावायला सांगत होतीस. सगळं खरं सांगितलंस, बारा आठवड्यांपर्यंत सगळं अचूक, आणि स्वतःला तेवढं गाळलंस. पार्लरवाली निदान रस्त्यात उभी राहून खरं ओरडली.

तुझं वय झालंय म्हणतेस. त्या अकरा बायकांचं वय विचारू? सगळ्यांत धाकटी सतरा वर्षांची आहे.

तुझ्या सल्ल्याचा गुण आला, तेही लिहून टाकते, म्हणजे तुझं देणं माझ्याकडे राहायला नको. लाली गेली. लव कमी होतेय. डाव्या गालावर दोन खड्डे राहतील असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ते मी फोडले म्हणून नाहीत. मी एकही फोडला नाही.

पंधरा दिवस देते.


२९ एप्रिल

ठमे,

काल देऊन आले. डबी, कागद, सही. शिकवलेल्या तिघी होत्या. तिघींची नावं लिहिली. तू म्हणालीस ते उत्तरही लिहिलं, हसले होते तेसुद्धा लिहिलं. साहेबांनी कागद वाचून माझ्याकडे वर बघितलं आणि खुर्ची देणार होते ती दिली नाही.

आज सकाळी दूधवाल्याने विचारलं, "बाई, खरं का हो?" म्हणजे गावभर झालंय. आता मी मागच्या गल्लीने जाते.

चौदा मेला जबाबाला बोलावलंय. तिघींना समोर बसवणार आहेत आणि तुझ्या त्या अकरा बायकांपैकी ज्या येतील त्यांनाही. एक अडचण आहे. मला उजव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही आणि डाव्याने कमी. वर्षभर झालं, कुणाला सांगितलं नाही. काल साहेब काय विचारत होते त्यातलं निम्मं मला कळलं नाही, मी आपली मान हलवत होते. ते म्हणाले, जबाबाच्या दिवशी घरचं कुणीतरी आणा. तुझ्या बापाला कळवायचं धाडस होत नाही. दुसरं मला कुणी नाही हे तुला माहीत आहे.

नाही आलीस तरी मी समजून घेईन.

आत्या


६ मे

आत्या,

तुझ्या पत्रानंतर चारच दिवसांनी पार्लरवर माणसं आली. सदतीस डब्या नेल्या, सगळ्यांना जीभ असलेले कागद. ती पायरीवर बसून रडली. मी काचेतून बघितलं, अगदी मला हवं होतं तसं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तिचा हिशेब मिटला. तुझा मिटलेला नाही.

माझ्या अकरापैकी सातजणी येणार आहेत. त्यांना मी एकेकीच्या घरी जाऊन विचारलं आणि त्यांनी तोंडाने हो म्हटलं. सतरा वर्षांची आईबरोबर येतेय.

मी येईन. बाबांना सांगितलं नाही, ते तू सांगायचंस. तेराला पोहोचते, तुझ्याकडे उतरणार नाही. सकाळी दारात रिक्षा घेऊन उभी राहीन.

भलता अर्थ काढू नकोस. माफ केलं म्हणून येत नाही. दुसरं कुणी बरोबर आलं तर अर्धे प्रश्न तुझ्या कानापर्यंत पोहोचणार नाहीत, तू मान हलवशील आणि सुटशील. मी तुझ्या डाव्या बाजूला बसेन. साहेब जे विचारतील, त्या सातजणी जे बोलतील, ते सगळं तुझ्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगेन. एकही शब्द गाळणार नाही.

ठमी